परमाणूचा शोध आणि आपले ज्ञानदान

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत तलवाडा येथे दिलेले व्याख्यान)

 

सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी मला दोन शब्द बोलण्याची संधी दिली, याबद्दल मी विश्वस्तांचा ऋणी आहे. विषय मात्र मी माझ्या आवडीचा निवडला आहे. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने कापड दुकानदार असलेल्या माणसाने मूलकणांच्या विज्ञानावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु पुद्गल, स्कंध आणि परमाणू हे शब्द आपल्या घरात लहानपणापासून कानांवर पडतात. त्याच परमाणूच्या शोधात जगातील आणि आपल्या देशातील थोर माणसांनी आयुष्ये वेचली. त्यांनी काय केले, हे जाणून घेणे हा परका विषय नव्हे.

आपल्या सभांतून एक वाक्य वारंवार ऐकू येते : 'विज्ञानाने आज जे शोधले, ते आपल्या तीर्थंकरांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे.' या वाक्यामागील श्रद्धेचा मी आदर करतो. परंतु हे वाक्य उच्चारून आपण टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. पाठशाळेतील मुलगा मनात म्हणतो, सर्व आधीच सांगून झाले आहे, तर आता शिकायचे काय राहिले? अशा रीतीने ज्ञानाच्या गौरवासाठी उच्चारलेले वाक्य ज्ञानाचेच दार लावून घेते. ते दार किंचित उघडावे, एवढाच आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे.

आपल्या ग्रंथांतील परमाणू

प्रथम आपल्या घरातील ठेवा पाहू. आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात अजीव द्रव्यांचे विवेचन आहे. वर्ण, रस, गंध आणि स्पर्श ज्याला आहेत ते पुद्गल. पुद्गलाचा ज्याचा पुन्हा विभाग होऊ शकत नाही असा अंतिम अंश म्हणजे परमाणू, आणि परमाणू एकत्र येऊन होतो तो स्कंध. परमाणू इंद्रियांना दिसत नाही. त्याच्या कार्यावरून त्याचे अस्तित्व जाणावे लागते. परमाणूंचा बंध स्निग्धता आणि रूक्षता या गुणांमुळे होतो आणि त्या गुणांच्या अंशांत ठरावीक अंतर असावे लागते. या नियमाच्या तपशिलात श्वेतांबर व दिगंबर परंपरांत थोडा फरक आहे.

यात एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. वैशेषिक दर्शनाने पृथ्वीचे परमाणू निराळे, जलाचे निराळे, तेजाचे निराळे असे मानले. जैन दर्शनाने मूळ परमाणूंत अशी जात मानली नाही. सर्व पुद्गल मुळात एकच. नाना पदार्थ दिसतात ते जुळणीच्या आणि पर्यायाच्या भेदामुळे. केवळ चिंतनाच्या बळावर इतक्या प्राचीन काळी हा विचार मांडला गेला, याचा अभिमान अवश्य बाळगावा.

येथे शब्दांचा एक घोटाळा दूर केला पाहिजे. मराठी क्रमिक पुस्तकांत ज्याला 'अणू' म्हणतात, त्याला हिंदीत 'परमाणु' म्हणतात. इंग्लंडमध्ये जॉन डाल्टन यांनी १८०८ साली सांगितलेला हा रसायनशास्त्रातील अणू पुढे फुटला. जो फुटतो तो आपल्या व्याख्येप्रमाणे परमाणू असूच शकत नाही. तो स्कंधच होय. म्हणून खरा प्रश्न असा, की फोडता फोडता शेवटी काय उरते? आधुनिक मूलकण विज्ञानाचा इतिहास हा याच प्रश्नाचा इतिहास आहे.

अणूच्या आत

१८९७ साली जे. जे. थॉमसन यांनी केंब्रिज येथे इलेक्ट्रॉन हा ऋणभारित कण शोधला. १९११ साली अर्नेस्ट रदरफोर्ड यांनी दाखवून दिले, की अणूचे जवळजवळ सर्व वस्तुमान त्याच्या मध्यभागी अतिशय लहान केंद्रात साठलेले असते. केंद्र किती लहान? आपल्या शिवारातील ज्वारीचा एक दाणा म्हणजे केंद्र मानले, तर अणूचा व्यास सुमारे चारशे मीटर भरेल. मधली सर्व जागा जवळपास रिकामी. ज्या भिंतीला आपण टेकून बसतो ती भिंतसुद्धा आतून अशी विरळ आहे.

पुढे केंद्रातही प्रोटॉन आढळला आणि १९३२ साली जेम्स चॅडविक यांना न्यूट्रॉन सापडला. त्याच वर्षी कार्ल अँडरसन यांना इलेक्ट्रॉनसारखाच, पण धनभारित असा पॉझिट्रॉन मिळाला. असा कण असला पाहिजे, हे पॉल डिरॅक यांच्या गणितातून आधीच निघाले होते. आज मोठ्या रुग्णालयांत कर्करोगाच्या तपासणीसाठी 'पेट स्कॅन' करतात, त्यातील 'पे' म्हणजे हाच पॉझिट्रॉन. 'या संशोधनाचा उपयोग काय?' असे विचारणाऱ्यांसाठी हे एक उदाहरण पुरेसे आहे.

न जुळणारी तेरीज

यानंतरची घटना मला, हिशेबनीस वृत्तीच्या माणसाला, सर्वांत प्रिय आहे.

काही अणूंच्या केंद्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. आधीची ऊर्जा आणि नंतरची ऊर्जा यांची बेरीज समान यावयास हवी; पण ती येईना. प्रत्येक वेळी थोडी ऊर्जा कमी भरे, आणि कमी भरणारी रक्कमही दर वेळी निराळी. आपल्या भाषेत सांगायचे, तर तेरीज जुळत नव्हती. नील्स बोर यांच्यासारखे थोर वैज्ञानिकसुद्धा म्हणू लागले, की कदाचित ऊर्जा अक्षय्य असल्याचा नियमच येथे लागू पडत नसेल. म्हणजे खतावणीच टाकून द्यावी! डिसेंबर १९३० मध्ये वोल्फगांग पाउली यांनी दुसरा मार्ग सुचवला. खतावणी खरी आहे. एक नोंद आपल्याला दिसत नाही. भार नसलेला, अत्यंत हलका आणि कशातही न अडकणारा एक कण ती ऊर्जा घेऊन निघून जात असावा. या कणाला पुढे न्यूट्रिनो हे नाव मिळाले.

न जुळणारी रक्कम आपण उचंत खात्यात टाकतो, तसेच पाउली यांनी केले. परंतु उचंत खात्यावर कोणी सचोटीचा व्यापारी समाधान मानत नाही. खरा धनको कोण, याचा शोध चालूच ठेवतो. हा शोध तब्बल २६ वर्षे चालला. १९५६ साली अमेरिकेतील फ्रेडरिक राइन्स आणि क्लाइड कोवन यांनी अणुभट्टीजवळ उपकरण लावून न्यूट्रिनोची प्रत्यक्ष नोंद मिळवली, तेव्हा तेरीज जुळली.

यातून घेण्यासारखा बोध असा, की बोर मोठे की पाउली मोठे, यावर निर्णय झाला नाही. निर्णय दिला तो प्रयोगाने. सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो आपल्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतून दर सेकंदाला साठ अब्जांहून अधिक संख्येने पार होत असतात. तलवाड्यात आणि मुंबईत सारखेच, रात्री आणि दिवसा सारखेच. आपणांस त्याची गंधवार्ताही नसते.

आपल्या देशातील साधक

न्यूट्रिनोचा शोध चालू होता त्याच काळात आकाशातून येणाऱ्या दुसऱ्या कणांकडेही जगाचे लक्ष लागले होते. १९१२ साली व्हिक्टर हेस यांनी फुग्यातून उंच जाऊन सिद्ध केले, की अवकाशातून पृथ्वीवर अतिशक्तिमान किरणांचा वर्षाव होत असतो. त्यांना विश्वकिरण म्हणतात. ज्यांच्याकडे कोट्यवधींची यंत्रे नव्हती, त्यांच्यासाठी हे निसर्गाने फुकट पाठवलेले कण होते. म्हणूनच भारताचे या क्षेत्रातील कार्य विश्वकिरणांपासून सुरू झाले.

१९०९ साली मुंबईत जन्मलेले डॉ. होमी भाभा केंब्रिजला शिकले. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात, याचे गणित त्यांनी मांडले. ती प्रक्रिया आज जगभर त्यांच्याच नावाने ओळखली जाते. १९३७ साली हाइटलर यांच्यासह त्यांनी विश्वकिरणांतील एका कणापासून वातावरणात कणांचा पाऊस कसा पडतो, याची उपपत्ती दिली. १९३९ साली सुटीसाठी ते भारतात आले आणि महायुद्ध सुरू झाल्यामुळे येथेच राहिले. बेंगळूर येथे सर सी. व्ही. रामन यांच्या संस्थेत ते काम करू लागले.

आता जे सांगतो ते विश्वस्त मंडळाने विशेष ऐकावे. १२ मार्च १९४४ रोजी डॉ. भाभांनी एक पत्र लिहिले. ते सर दोराबजी टाटा ट्रस्टला लिहिले होते. मूलभूत संशोधनाची एक संस्था काढावी, म्हणजे पुढे अणुशक्तीचा वापर सुरू होईल तेव्हा भारताला परदेशांतील तज्ज्ञांच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. हिरोशिमावर अणुबाँब पडण्याच्या आधीचे हे पत्र आहे. ट्रस्टने ते मान्य केले, मुंबई सरकारनेही हात दिला आणि १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था जन्मास आली. बेंगळूरहून ती त्याच वर्षी मुंबईत पेडर रोडवरील एका बंगल्यात आली. कुलाब्याच्या समुद्रकाठी तिची आजची वास्तू १९६२ साली पंडित नेहरूंच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाली. एका ट्रस्टने योग्य वेळी दिलेल्या होकारातून हे सर्व उभे राहिले.

दुसरे नाव आपल्याला अधिक जवळचे. डॉ. विक्रम साराभाई हे अहमदाबादच्या जैन घराण्यातील. घरचा व्यवसाय कापडगिरणीचा. आज आपण त्यांना अवकाश कार्यक्रमाचे जनक म्हणून ओळखतो, परंतु त्यांचे मूळ संशोधन विश्वकिरणांवरचे होते. बेंगळूरला रामन यांच्या मार्गदर्शनाखाली आणि काश्मीरच्या पर्वतावर त्यांनी मोजमापे घेतली. १९४७ साली केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन ते परतले आणि त्याच वर्षी अहमदाबादेत भौतिकी संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. त्याच सुमारास कापड उद्योगाच्या संशोधनासाठी 'अटिरा' ही संस्थाही त्यांनी उभारली. कापडाच्या ताग्यांत वाढलेला एक श्रावकपुत्र विश्वातून येणाऱ्या कणांची मोजदाद करू शकतो, हे आपल्या मुलांना आपण किती वेळा सांगतो?

तिसरे नाव फारसे कोणाला माहीत नाही. विभा चौधुरी या कोलकात्याच्या संशोधिका. देवेंद्र मोहन बोस यांच्यासह त्यांनी दार्जिलिंग परिसरातील उंच डोंगरांवर छायाचित्रणाच्या काचा ठेवून विश्वकिरणांचे मार्ग तपासले आणि इलेक्ट्रॉनहून जड अशा कणांच्या खुणा मिळवल्या. त्यांचे निबंध १९४० ते १९४२ या काळात विख्यात 'नेचर' नियतकालिकात आले. युद्धामुळे अधिक चांगल्या प्रतीच्या काचा मिळू शकल्या नाहीत आणि काम तेथेच अडले. १९४७ साली इंग्लंडमध्ये सेसिल पॉवेल यांच्या गटाने त्याच मार्गाने, सुधारित काचा वापरून पायॉन हा कण शोधला. त्यासाठी पॉवेल यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. विभा चौधुरी पुढे टाटा संस्थेतील पहिल्या महिला संशोधक झाल्या. २०१९ साली एका दूरच्या ताऱ्याला 'विभा' हे नाव देण्यात आले. बुद्धी होती, कष्ट होते. कमी पडली ती केवळ साधने. दात्यांनी हे वाक्य मनात ठेवावे.

खाणीच्या पोटात

कर्नाटकातील कोलार येथील सोन्याच्या खाणी आशिया खंडातील अत्यंत खोल खाणींपैकी होत्या. टाटा संस्थेचे एम. जी. के. मेनन, बी. व्ही. श्रीकंठन आदी वैज्ञानिकांनी तेथे निरनिराळ्या खोलीवर उपकरणे नेऊन विश्वकिरणांतील म्यूऑन कण मोजले. जसजसे खाली जावे तसतशी संख्या घटत गेली, आणि सर्वांत खोल ठिकाणी दोन महिने एकही नोंद झाली नाही. दुसऱ्या कोणी निराश होऊन उपकरण गुंडाळले असते. यांनी विचार केला, की जेथे इतर काहीच पोहोचत नाही, तीच जागा न्यूट्रिनोची चाहूल घेण्यास योग्य.

मग जपानमधील ओसाका आणि इंग्लंडमधील डरहॅम येथील विद्यापीठांच्या सहकार्याने सुमारे सव्वादोन किलोमीटर खोलीवर उपकरण उभारले गेले. वरून येणारा म्यूऑन क्वचित खडक भेदून येऊ शकतो. परंतु बाजूने, आडव्या दिशेने आलेला कण इतका खडक ओलांडूच शकत नाही. तो दिसला, तर जवळच्या खडकात न्यूट्रिनोने त्याला जन्म दिला असे निश्चित म्हणता येते. १९६५ साली अशी नोंद मिळाली. वातावरणात विश्वकिरणांपासून निर्माण होणारा न्यूट्रिनो जगात प्रथमच, कोलार येथे आणि जवळपास त्याच वेळी दक्षिण आफ्रिकेतील एका खाणीत पकडला गेला.

पुढे १९८० च्या दशकात त्याच खाणीत आणखी धाडसी प्रश्न विचारला गेला : प्रोटॉन अमर आहे की त्याचाही कधी क्षय होतो? काही नोंदी क्षयासारख्या वाटल्या आणि तशा जाहीरही झाल्या. परंतु इतर देशांतील अधिक मोठ्या उपकरणांना तसे आढळले नाही. प्रोटॉनचा क्षय आजही सिद्ध झालेला नाही. जपानमधील ज्या उपकरणाने हा क्षय शोधायचा होता, त्याला तो मिळाला नाही, पण फेब्रुवारी १९८७ मध्ये दूरच्या एका ताऱ्याच्या स्फोटातून आलेले न्यूट्रिनो मिळाले. पुढे १९९८ साली जपानमध्येच सिद्ध झाले, की न्यूट्रिनो प्रवासात आपला प्रकार बदलतात, म्हणजेच त्यांना अल्प का होईना, वस्तुमान आहे. कोलारच्या खाणी २००१ साली बंद झाल्या.

जे मिळाले ते सांगणे, जे मिळाले नाही तेही सांगणे, आणि दुसऱ्याने तपासावे म्हणून आपली वही उघडी ठेवणे, यालाच विज्ञान म्हणतात. सत्यव्रताचे याहून निराळे स्वरूप कोणते असेल?

आजची गणना

यंत्रे मोठी झाली तशी कणांची संख्या इतकी वाढली, की वैज्ञानिकच गोंधळून गेले. १९६४ साली मरे गेल-मान आणि जॉर्ज झ्वाइग यांनी सुचवले, की प्रोटॉन-न्यूट्रॉनही संयुक्त असून ते क्वार्क नावाच्या घटकांचे बनलेले आहेत. १९६८ पासून अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथील प्रयोगांत प्रोटॉनच्या आत तसे घटक असल्याच्या खुणा मिळाल्या. सहावा व शेवटचा क्वार्क १९९५ साली शिकागोजवळील फर्मी प्रयोगशाळेत मिळाला. त्या कार्यात टाटा संस्थेचे संशोधकही सहभागी होते.

आजची यादी आटोपशीर आहे : सहा क्वार्क; इलेक्ट्रॉन, म्यूऑन, टाऊ आणि त्यांचे तीन न्यूट्रिनो; प्रकाशकण फोटॉन, तसेच ग्लुऑन, डब्ल्यू आणि झेड हे बलवाहक कण; आणि शेवटी हिग्ज. बल वाहणाऱ्या कणांच्या वर्गाला 'बोसॉन' म्हणतात, ते आपल्या सत्येंद्रनाथ बोस यांच्या १९२४ च्या कार्याच्या गौरवार्थ. इतर मूलकणांना वस्तुमान कसे मिळते, याचा उलगडा करणारा हिग्ज कण १९६४ साली कागदावर मांडला गेला आणि ४ जुलै २०१२ रोजी जिनिव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेने त्याच्या शोधाची घोषणा केली. ४८ वर्षांची ही प्रतीक्षा!

सर्नचे यंत्र जमिनीखाली सुमारे शंभर मीटर खोल आणि २७ किलोमीटर परिघाचे आहे. त्यासाठी इंदूरच्या प्रगत तंत्रज्ञान केंद्राच्या पुढाकाराने भारतातून चुंबके आणि त्यांना अचूक बसवणारे आधार गेले. टाटा संस्था आणि भाभा अणुसंशोधन केंद्र यांनी शोधक उपकरणांचे भाग दिले. २०१७ साली भारत सर्नचा सहयोगी सदस्य झाला. सर्नची आणखी एक देणगी सांगतो. संगणकावर आपण जे 'वेब' पाहतो ते तेथेच जन्मले आणि एप्रिल १९९३ मध्ये सर्नने ते कोणतेही शुल्क न घेता सर्व जगासाठी खुले केले. अपरिग्रहाची प्रवचने ऐकणाऱ्या आपण या उदाहरणाला मनोमन वंदन करावे.

आणि एक नाव आपल्या मराठी मातीतले. डॉ. रोहिणी गोडबोले १९५२ साली पुण्यात जन्मल्या. हुजूरपागा शाळा, स. प. महाविद्यालय, मुंबईचे आय.आय.टी. असे शिकत त्या अमेरिकेतून डॉक्टरेट घेऊन परतल्या. मुंबईत आणि नंतर बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी मूलकणांवर जागतिक दर्जाचे कार्य केले. भारतीय महिला वैज्ञानिकांच्या जीवनकथांचा ग्रंथ त्यांनी सहसंपादित केला. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांचे पुण्यात निधन झाले. मराठी शाळेतील मुलगी येथवर पोहोचते, हे आपल्या लेकी-सुनांना ठाऊक हवे.

साम्य आणि भेद

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आपला परमाणू आणि विज्ञानाचा मूलकण एकच का?

काही साम्ये आहेत. दोन्हीकडे दृश्य पदार्थ अदृश्य घटकांचा बनलेला आहे. घटक कार्यावरून ओळखावा लागतो. जुळणीला नियम आहेत. परंतु भेदही तितकेच स्पष्ट आहेत. आपल्या ग्रंथांत परमाणूला एक वर्ण, एक रस, एक गंध आणि दोन स्पर्श सांगितले आहेत. क्वार्क किंवा इलेक्ट्रॉन यांना चव, वास, रंग नाहीत. आपल्या ग्रंथांनुसार परमाणू एका समयात लोकाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊ शकतो. आजच्या विज्ञानात प्रकाशाच्या वेगाला कोणीही ओलांडू शकत नाही. आपले परमाणू मुळात एकजातीय. विज्ञानाच्या यादीत मूलकणांच्या जाती अनेक आहेत.

हे भेद लपवले तर काय होते, याचेही उदाहरण आहे. एके काळी आपल्यातील काही अभ्यासकांनी लिहिले, की गतीला साहाय्य करणारे धर्मास्तिकाय म्हणजे विज्ञानातील ईथर होय. मायकेलसन आणि मॉर्ली यांच्या १८८७ च्या प्रयोगात ईथरचा मागमूस लागला नव्हता, आणि १९०५ साली आइन्स्टाइन यांनी ईथरची गरजच संपवली. ज्या खुंटीला आपण आपले तत्त्व अडकवले होते, ती खुंटीच निघाली. धर्मतत्त्व त्यामुळे खोटे ठरत नाही; पण ते विज्ञानाच्या उसन्या आधारावर उभे करण्याची घाई त्याला कमीपणा आणते. आगमांचा विषय आत्म्याची मुक्ती हा आहे. त्यासाठी त्यांना प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्राची आवश्यकता नाही.

उलट, विज्ञानाची यादीही अंतिम नाही. आज वैज्ञानिक सांगतात, की या सर्व कणांनी बनलेला परिचित पदार्थ विश्वाच्या एकूण आशयाचा सुमारे पाच टक्केच आहे. उरलेल्याचे स्वरूप अज्ञात आहे. इतक्या यशानंतरही ते असे म्हणू शकतात, ही त्यांची नम्रता. उदयपूरच्या जैन कुटुंबात जन्मलेले थोर पदार्थवैज्ञानिक डॉ. दौलतसिंह कोठारी यांनी स्याद्वाद आणि आधुनिक भौतिकी यांची तुलना केली, ती 'आम्ही आधी सांगितले' हे सिद्ध करण्यासाठी नव्हे. एकाच वस्तूकडे अनेक बाजूंनी पाहण्याची सवय वैज्ञानिकालाही उपयोगी पडते, हे त्यांना दाखवायचे होते. अनेकान्ताचा खरा वापर असा होय : दोन्ही बाजू पुरत्या जाणून घ्याव्यात, आणि जेथे जुळत नाही तेथे जुळत नाही असे स्वच्छ म्हणावे.

एक विनंती

बंधू-भगिनींनो, पन्नास वर्षांत ट्रस्टने जे केले ते आपणा सर्वांपुढे आहे. सुवर्णमहोत्सवी निधीतून वास्तूचे काम व्हावे, याबद्दल दुमत नाही. परंतु माझी नम्र विनंती आहे, की या निधीचा एक अंश ज्ञानदानासाठी राखून ठेवावा आणि त्यात विज्ञानालाही स्थान द्यावे.

काही ज्येष्ठ म्हणतील, ज्ञानदान म्हणजे धर्माचे ज्ञान. त्यांना मी आदरपूर्वक विचारतो, नवतत्त्वांत जीवानंतर लगेच अजीवाचे स्थान का आहे? अजीवाला जाणल्याशिवाय जीवाची ओळख पूर्ण होत नाही, म्हणूनच ना? काही तरुण म्हणतील, मूलभूत विज्ञान शिकून पोट कसे भरणार? आपल्या घरांतून सनदी लेखापाल निघतात, डॉक्टर आणि अभियंते निघतात, याचा आनंदच आहे. परंतु एखादा मुलगा किंवा मुलगी 'मला पदार्थविज्ञानच शिकायचे आहे' म्हणते, तेव्हा आपण 'त्यात काय मिळणार?' असे विचारून तिचा उत्साह मोडतो. आपल्याच मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यातील औंढा येथे गुरुत्वीय लहरींची चाहूल घेणारी 'लायगो-इंडिया' ही महाप्रयोगशाळा उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये अंतिम मंजुरी दिली आहे. विषय निराळा असला, तरी विश्वाच्या मुळाचा शोध घेण्याचीच ही वाट आहे. तेथे काम करणाऱ्यांत गेवराई आणि बीडकडची मुले असतील की नाही, हे आज आपल्या हाती आहे.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो. पहिली : निधीची मूळ रक्कम न मोडता केवळ व्याजातून, दरवर्षी मूलभूत विज्ञान शिकणाऱ्या किमान एका विद्यार्थ्याला पदव्युत्तर शिक्षणापर्यंत साहाय्य द्यावे, त्यात जातिधर्माचा भेद नसावा आणि मुलींना प्राधान्य असावे. दुसरी : पाठशाळेत तत्त्वार्थसूत्राशेजारीच मराठीतील चांगल्या विज्ञानग्रंथांचे एक कपाट असावे. तिसरी : ज्ञानपंचमीला आपण ग्रंथांचे पूजन करतो, त्याच दिवशी मुलांकडून एखादा साधा प्रयोग करवून घ्यावा आणि त्यांना मोकळेपणाने प्रश्न विचारू द्यावेत.

तळहात उघडा धरला, तर विश्वकिरणांतील एक-दोन म्यूऑन दर सेकंदाला त्यातून आरपार जातात. आपण येथे बसलो आहोत तोवर असे हजारो कण आपल्या हातांतून गेले. हात सर्वांचे सारखेच आहेत. त्यांतून काय जाते, हे विचारणारे मन मात्र घडवावे लागते. ते मन आपल्या तलवाड्यात घडावे, यासाठी ट्रस्टने होकार द्यावा, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र.